इको साउंडरने मासे मोजताय? या चुका टाळा

इको साउंडर मासे मोजत नाही. तो पाण्यात आवाज सोडतो, परत आलेला प्रतिध्वनी मोजतो आणि त्यावरून मासे किती ते आपण हिशेबाने काढतो. गंमत अशी की हिशेब चुकला तरी यंत्र कुठे अडत नाही. एक देखणा आकडा देऊन मोकळं होतं.

सगळ्यात महागात पडतं ते कॅलिब्रेशन टाळणं, म्हणजे ज्याचा प्रतिध्वनी आधीच माहीत आहे अशा वस्तूवर यंत्र पडताळून न पाहणं. 'मागच्या मोसमात केलं होतं की' हे चालत नाही. ट्रान्सड्यूसरवर, म्हणजे आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागावर, शेवाळ चढतं, पाण्याचं तापमान बदलतं. पद्धत साधी, पण चिकाटीची आहे. 38.1 मिलिमीटर व्यासाचा टंगस्टन कार्बाइडचा गोळा तीन बारीक दोऱ्यांनी बोटीखाली टांगायचा आणि दोऱ्या सोडत-ओढत बीमच्या, म्हणजे खाली पसरत जाणाऱ्या आवाजाच्या झोताच्या, कानाकोपऱ्यातून फिरवायचा. 38 किलोहर्ट्झ वारंवारतेच्या आवाजाला त्याचा प्रतिध्वनी उणे 42 डेसिबलच्या आसपास यायला हवा. नेमकी किंमत त्या दिवशीच्या पाण्याचं तापमान आणि क्षारता घालून काढायची. आकडे विस्कटलेले येताहेत? सेटिंगला हात लावण्याआधी गोळा वर घ्या, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि पुन्हा सोडा. गोळ्याला किंवा दोऱ्याच्या गाठीला हवेचा बुडबुडा चिकटला की तोही आवाज परतवतो, आणि आपण तासभर केबल तपासत बसतो. मी बसलोय. गेन (यंत्राची आवाज वाढवण्याची पातळी) 1 डेसिबलने चुकला तर फरक 2 डेसिबलचा पडतो, कारण आवाज जाताना आणि येताना त्याच ट्रान्सड्यूसरमधून जातो. म्हणजे मासे दीडपटीहून जास्त दिसणार, नाहीतर त्याच प्रमाणात कमी.

डेसिबल हे लॉगरिदमचं माप आहे, त्याची थेट सरासरी काढू नका. एका ठिकाणी उणे 70, दुसऱ्या ठिकाणी उणे 50, म्हणून सरासरी उणे 60? आधी दोन्ही साध्या आकड्यांत आणा, मग सरासरी घ्या. उत्तर उणे 53 येतं. दोन उत्तरांत पाचपट माशांचा फरक आहे. स्प्रेडशीटमध्ये हे इतक्या सहज होतं की मी हल्ली दुसऱ्यांची फाइल उघडली की आधी तेच पाहतो.

यानंतर मासा कोणता, हा प्रश्न. प्रतिध्वनीचा बहुतांश भाग माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतून, म्हणजे वाताशयातून येतो. लांबीवरून प्रतिध्वनी काढण्याचं हेरिंगसारख्या माशासाठीचं सूत्र कॉडसारख्या माशाला लावलं तर लांबी तीच असूनही साधारण 4.5 डेसिबलचा, म्हणजे जवळपास तिपटीचा घोटाळा होतो. अटलांटिक मॅकरेलला तर वाताशयच नाही. 38 किलोहर्ट्झवर त्याचा थवा इतका फिका दिसतो की नवशिक्या माणूस पुढे निघून जातो. पडद्यावरच्या आकारावरून जात ओळखण्याची हौस आवरा. जाळं टाका, मासे मोजपट्टीवर ठेवा. जाळ्याच्या आसातून, म्हणजे छिद्रांतून, लहान मासे निसटतात, हेही हिशेबात धरा.

तळाजवळचं काम किचकट आहे. 1 मिलिसेकंदाच्या पल्समध्ये (एका वेळी सोडलेल्या आवाजाच्या तुकड्यात) पाऊण मीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे तळाला चिकटलेला मासा तळातच जमा होतो. उतारावर बीमची कड वरच्या बाजूला आधी टेकते, तिथे ही आंधळी पट्टी आणखी जाड होते. उलट चूक याहून वाईट. सॉफ्टवेअरने आखलेली तळरेषा एखाद्या पिंगला (आवाज सोडण्याच्या एका खेपेला) खाली घसरली की तळाचा प्रचंड प्रतिध्वनी मासे म्हणून मोजला जातो आणि तो एक पिंग अख्ख्या मैलाचा आकडा बिघडवतो. तळरेषा डोळ्यांनी तपासा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

दिवसा थवा करून राहणारे बरेच मासे रात्री विखुरतात, वरही येतात. दोन्ही वेळची नोंद एकाच सरासरीत ढकलू नका. बोट वळताना घेतलेले पिंग गाळा, पण रिकामे पट्टे गाळू नका. शून्य हीसुद्धा नोंद आहे.

किनाऱ्यालगत आणखी एक अडचण येते. 7 अंशांचा बीम ट्रान्सड्यूसरखाली 10 मीटरवर जेमतेम 1.2 मीटर रुंद असतो आणि मोठी बोट त्याहून उथळ पाण्यात जातच नाही. न पाहिलेल्या त्या पट्ट्यात शून्य लिहू नका. एक तर लहान होडी घाला, नाहीतर अहवालात 'इथे मोजलं नाही' असं स्वच्छ लिहा.

मधल्या पाण्यात फिकट, सलग पट्टा दिसला तर लगेच प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) म्हणू नका. 30 मीटर पाण्यात आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात दोनदा ये-जा करतो. पिंग 0.05 सेकंदाच्या अंतराने सुटत असतील तर हा दुसरा प्रतिध्वनी पुढच्या पिंगमध्ये घुसतो आणि 22 मीटरच्या आसपास दिसतो. अंतर 0.1 सेकंद करून बघा. पट्टा जागेवरून हलला, तर तो तळाचाच होता.