हस्ताची ओल काजूच्या मोहोरापर्यंत टिकवा

गडचिरोली-चंद्रपूरकडे मुरमाड, उताराच्या जमिनीत ज्यांनी कोरडवाहू काजू लावला आहे, त्यांनी हस्त नक्षत्राचा पंधरवडा वाया जाऊ देऊ नये. इकडे पाऊस भरपूर, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. मोहोर येतो डिसेंबर-जानेवारीत, बी भरते मार्चच्या सुमारास. मधला काळ झाड जमिनीतल्या ओलीवरच काढते.

आधी झाडाखालचे गवत बी धरण्यापूर्वी कापा. उभे गवत ओल ओढत राहते. कापलेले तिथेच पसरले की आच्छादन होते. मग माती हलकी चाळवा, दोन-तीन इंचच. खोल खणल्यास वरची बारीक मुळे तुटतात. आच्छादन त्याच दिवशी टाका. माती वाळल्यावर टाकलेला पाला उशिराची हलकी सर वरच्यावर अडवतो, खाली काही पोचत नाही.

थर 10 सेंटीमीटरचा हवा. खोडापासून 2 मीटरपर्यंत पसरायचा तर एका झाडाला सव्वा घनमीटर पाला लागतो. तेवढा नसेल तर सगळ्या झाडांना पातळ शिंपडू नका. आधी तीन वर्षांच्या आतली झाडे पूर्ण झाका. पळस, सागाची पाने हळू कुजतात, म्हणून उत्तम. धानाची तणीस येईपर्यंत उशीर झालेला असतो, शिवाय मोकाट जनावरे ती खाऊन टाकतात. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवाच. पाला खोडाला टेकला की उधई सालीखाली शिरते.

ओल पाहायची तर पाला बाजूला सारून फूटभर खोलीची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर ओल पुरेशी आहे. मूठ उघडताच भुगा पडला, तर लहान रोपांना मडक्याने पाणी द्या: 5 ते 7 लिटरचे, बिनरंगाचे मातीचे मडके दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरा, झाकण ठेवा, रिकामे झाले की भरा.

नवे चर आता खणू नका. उघड्या भिंतीतून ओल उडते. उन्हाळ्यात, झाडाच्या घेराबाहेर, उताराला आडवे खणा: 2 मीटर लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. एका चरात सुमारे 400 लिटर पाणी थांबते. माती उताराच्या बाजूला टाका.

मोहफुले वेचण्यासाठी मार्चमध्ये झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. तीच आग वाळलेल्या आच्छादनात शिरली तर पूर्ण बाग जाते. फेब्रुवारी संपण्याआधी बागेभोवती 10 फुटांचा पट्टा गवत-पाला काढून स्वच्छ करा.