रांगोळीचे ठिपके, एकेक न मोजता
वसुबारसेला मी अंगणात गेरू सारवते आणि उदबत्तीने भोकं पाडलेला जुना कागद काढते. माझी आवडती रांगोळी १५ ते ८, मधले ठिपके, म्हणजे पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधे. मधली ओळ १५ची, तिच्या वर-खाली १४, १३ असं करत ८पर्यंत. भाचरांना विचारते, "एकूण ठिपके किती?" बोटाने मोजायला बसली की हमखास चुकतात.

तुम्ही असं करा. अगदी मधोमधच्या ठिपक्यावर हळद टाका. त्याच्याभोवती ६ ठिपक्यांचं कडं दिसेल, त्याबाहेर १२चं, मग १८चं. दर कड्याला ६ वाढतात. इथे कडी ७. म्हणून १ ते ७ची बेरीज २८, तिची सहापट १६८, हळदीचा १ धरून १६९. आणि १६९ म्हणजे १३ गुणिले १३! षटकोनातले सगळे ठिपके चौकोनात चपखल बसतात. दरवर्षी मला याचा तेवढाच आनंद होतो. ७ ते ४ घेतली तर ३७ येतात, त्यांचा चौकोन होत नाही.

समोरासमोर ठिपक्यांची, म्हणजे ठिपक्याखाली ठिपका येणारी, ७, ५, ३, १ काढलीत (मधली ओळ ७ची, तिच्या वर-खाली ५, ३, १), तर मान तिरकी करून बघा. एक तिरकी रेघ ४ ठिपक्यांची, पुढची ३ची, पुन्हा ४ची. ४च्या रेघांवर कुंकू टाका, ३च्यांवर हळद. लाल १६, पिवळे ९, मिळून २५: शाळेतल्या काटकोन त्रिकोणाचे ३, ४, ५!

मग मुलांना अशीच १५ ते १ द्या. उत्तर ११३ यायला हवं.