गावाकडे बसून मुंबईत अकाउंट्सची नोकरी शोधताय? या चुका टाळा

मी मूळचा लातूरचा, मुंबईत अकाउंट्समध्ये १२ वर्षं झाली, आणि डिपार्टमेंटला पोरं घ्यायची असली की इंटरव्ह्यूला मला बसवतात. लातूर-नांदेड-परभणीकडचा रिझ्युमे आला की "तुमच्याकडचाय, बघा" म्हणून माझ्याच टेबलावर. आणि दर वेळी त्याच त्याच चुका, वैताग आलाय राव.

सगळ्यात आधी पत्ता. कुणीतरी यांच्या डोक्यात भरवून देतं की बाहेरगावचा पत्ता दिसला की एचआर रिझ्युमे बाजूला टाकतं, मग काका-मामाचा कल्याण-डोंबिवलीचा पत्ता ठोकून द्यायचा. मी पण हेच केलं होतं, म्हणून सांगतोय. आत्याच्या डोंबिवलीच्या घराचा पत्ता टाकला, आणि एक दिवस दुपारी ४ ला कन्सल्टन्सीचा फोन, उद्या १० वाजता मालाडला या. आता डोंबिवलीत राहणारा माणूस नाही कसं म्हणणार? रात्रीची लातूर एक्सप्रेस पकडली, रिझर्व्हेशन नाही, जनरलमध्ये दाराजवळ उभा. सकाळी सीएसएमटीला तोंड धुतलं, दादरला गाडी बदलून मालाड, पोचलो साडेदहाला घामाघूम. मॅडमनी रिझ्युमे बघितला आणि सहज विचारलं, डोंबिवलीत कुठे? म्हटलं फडके रोडजवळ, वेस्टला. मॅडम स्वतः डोंबिवलीच्या! फडके रोड ईस्टला आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहितीय. त्या हसल्या, मला वाटलं सुटलो. पण त्यानंतर रिझ्युमेतली एकेक ओळ घेऊन उलटतपासणी सुरू झाली, आणि जे खरं होतं तेही मला धड सांगता येईना. अकाउंट्सचं काम आहे हो, जो पत्त्यात थाप मारतो तो रिकन्सिलेशनमध्ये, म्हणजे हिशोब जुळवताना, काय करेल असं समोरच्याला वाटणारच, आज मलाही वाटतं.

तेव्हापासून मी पोरांना एकच ओळ टाकायला लावतो, नावाच्या खाली, "सध्या लातूर, ३ दिवस आधी कळवल्यास समक्ष येईन, निवड झाल्यावर १० दिवसांत रुजू." पहिला राउंड व्हिडिओवर मागा, आणि समक्षवाले दोन-तीन इंटरव्ह्यू एकाच आठवड्यात बसवा. जाहिरातीत मुंबई लिहिलेलं असतं आणि ऑफिस निघतं ऐरोलीला, त्यामुळे स्टेशन कुठलं हे आधी विचारायचं.

दुसरी माझी आवडती चूक, सीटीसीला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाला, बारा ने भागणं. ३.६ लाखांची ऑफर, म्हणजे महिना ३० हजार, म्हणून घरी पेढे. थांबा जरा. बेसिक १५ हजार धरा. त्या ३० मधले १८०० कंपनीच्या वाट्याचा पीएफ, साधारण ७२० ग्रॅच्युइटीचे, उरले २७,४८०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी १८००, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात २५,४८०. आणि ३० मध्येच जर ३ हजार व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारा भाग) घुसवलं असेल तर साडेबावीसच्या आत आलात, त्यातून कोपरखैरण्याच्या रूमचं भाडं, डिपॉझिट, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं. फोनवर "इन-हँड किती" विचारायला लाजू नका, आणि पगाराचा ब्रेकअप, म्हणजे कशाचे किती, मेलवर मागा. फायनान्सच्या माणसाने स्वतःच्या पगाराचा हिशोब नाही करायचा तर कुणी करायचा?

"फायनान्स एक्झिक्युटिव्ह, फ्रेशर चालेल, टू-व्हीलर आवश्यक" असं दिसलं तर ते बहुतेक लोन विकायचं काम असतं. वाईट काम नाही, पण अकाउंट्स नाही.

ऑफर लेटरसाठी, लॅपटॉपसाठी, ट्रेनिंगसाठी पैसे मागितले की फोन ठेवा. विषय संपला.

आता ते १५ दिवसांत एसएपी फायको, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्स सॉफ्टवेअरचा क्लास. सर्टिफिकेट घेऊन येतात, मी त्यांच्यापुढे एक पानाचं बँक स्टेटमेंट आणि एक पानाचं लेजर ठेवतो, जुळवा म्हणतो. स्टेटमेंटला ११८ रुपये कापलेले असतात. निम्मी पोरं सगळे ११८ बँक चार्जेसला टाकून मोकळी होतात, अरे १०० चार्जेस आणि १८ जीएसटी, त्या १८ चं इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा करणं) कुणी घ्यायचं? हे कुठल्याच क्लासला जाऊन येत नाही. ओळखीच्या किराणा दुकानाची टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) तीन महिने सांभाळा, फुकट का होईना, बँक हाताने जुळवा. शॉर्टकटवाल्यांना हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं, माहितीय मला.

सगळ्या जागांना एकच रिझ्युमे पाठवू नका, फंड अकाउंटिंगवाल्याला (म्युच्युअल फंडांसारख्यांचे हिशोब ठेवणारा) तुमच्या टीडीएस रिटर्नचं (कापलेल्या टॅक्सचं विवरण) काय करायचंय.

आणि फॉलोअप. करा, जरूर करा, पण तारीख बघून. ७ ला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), २० ला ३बी (जीएसटी भरायचं रिटर्न), आणि महिनाअखेर क्लोजिंग. २० ला संध्याकाळी पोर्टल गोल गोल फिरत असताना "सर माझा रिझ्युमे बघितला का" म्हणून फोन आला तर मी उचलत नाही. २१ ला करा, जेवणानंतर.