लॅबमधलं जेल आणि विहिरीवरचं जेल

बाडमेरला नोकरी लागली तेव्हा आईला सांगितलं, गवारीच्या पिठाचं काम आहे. तिला मसाल्याची कंपनी वाटली. पीठ गवारीच्या बियांचंच, पण त्याचं जेल दाबाने तेलाच्या विहिरीत सोडून खडकाला तडा पाडायचा आणि तो उघडा राहावा म्हणून त्यात वाळू पोचवायची. जेल पातळ पडलं तर वाळू वाटेतच बसते.

नव्याने लॅबमध्ये आलेल्यांना मी पहिल्यांदा पाणी आणायला पाठवते. डिस्टिल्ड पाण्यात जेल कुणाचंही छान होतं. विहिरीवरच्या प्रत्येक टाकीतून वेगळी बाटली भरा; पीएच, तापमान, लोह, बायकार्बोनेट बघा. पीएच चढा असेल तर गवार नीट फुगत नाही. पीठ आणि रसायनंही साइटवर जाणाऱ्या लॉटमधलीच घ्या.

लिटरभर पाण्याला ३.६ ग्रॅम पीठ, म्हणजे आमच्या भाषेत ‘थर्टी पाउंड’ (हजार गॅलनला तीस पाउंड) जेल. ब्लेंडरमध्ये भोवरा पडला की पीठ भुरभुरवा, पिठल्यात बेसन सोडतात तसं. एकदम ओतलंत तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत विरत नाहीत. अर्धा तास फुगू द्या. मग फॅन ३५ वर, म्हणजे जेलची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) मोजणाऱ्या यंत्रावर, ३०० आरपीएमला डायल वाचा. यंत्राला नेहमीचे बॉब आणि स्प्रिंग असतील तर तो आकडा थेट सेंटिपॉइजमध्ये, म्हणजे व्हिस्कॉसिटीच्या एककात मिळतो. वीस-पंचवीसच्या आसपास यायला हवा. शेजारी तापमान लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ नाही.

बोरेट क्रॉसलिंकर (गवारीच्या साखळ्या एकमेकींना जोडून जेल घट्ट करणारं रसायन) घातल्यावर मात्र फॅन ३५ ला हात लावू नका. जेल दांड्यावरून वर चढतं आणि डायल वाटेल ते दाखवतो. त्यापेक्षा भोवरा मिटायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग पेला तिरका करा. जेलची जीभ काठावरून लोंबली आणि परत आत गेली, की ते जमलं. खरी व्हिस्कॉसिटी दाबाखालच्या गरम व्हिस्कोमीटरमध्येच बघायची.

इथेच बहुतेकांचं चुकतं. जेल व्हिस्कोमीटरच्या कपात घालून थेट १०० प्रतिसेकंद शिअरला (शिअर म्हणजे जेलचे थर एकमेकांवरून किती वेगाने घसरतात ते) गरम करत बसतात. पण विहिरीत जेलला आधी ट्यूबिंगमधून जावं लागतं. साडेतीन इंची ट्यूबिंग आणि मिनिटाला २० बॅरल पंपिंग धरा: भिंतीजवळचा शिअर साधारण १२०० प्रतिसेकंद निघतो आणि ३००० मीटर उतरायला सव्वाचार मिनिटं लागतात. म्हणून आधी तेवढा वेळ तेवढा मार द्या, मग तड्यातला मंद शिअर लावा. बोरेटचं जेल मार संपला की पुन्हा जुळून येतं. झिर्कोनियम क्रॉसलिंकरचं तुटलं की तुटलं. त्याला उशिरा जुळणारा क्रॉसलिंकर लागतो. ही चार मिनिटं वगळलेला आलेख झिर्कोनियमच्या बाबतीत मी तरी मानत नाही.

साइटवर एवढं यंत्र नसतं आणि लागतही नाही. तिथे फॅन ३५, पीएच मीटर आणि गरम पाण्याचा बाथ पुरतो. लॅबचा आलेख पुन्हा काढायचा नाही, फक्त काय बदललं ते पकडायचं. एकदा रात्री १० वाजता एका टाकीचा डायल २३ होता, सकाळी तो ११ वर आला. त्या टाकीत बायोसाइड घालायचं राहिलं होतं; जिवाणूंनी रात्रभर गवार खाल्ली. लॅबचा कागद निर्दोष होता! तेव्हापासून पंप सुरू व्हायच्या तासभर आधी मी प्रत्येक टाकी स्वतः पुन्हा मोजते, वरून आणि तळातून.

काम सुरू झालं की नमुना टाकीतून नाही, साइटवरच्या मोठ्या ब्लेंडरच्या पुढच्या नळातून घ्या. क्रॉसलिंकरचा पंप अडखळला तर तो तिथेच कळतो. अर्धी बाटली बाथमध्ये ठेवा, ब्रेकर ठरल्या वेळी जेल पाण्यासारखं करतो का बघायला. उरलेल्या अर्ध्यावर वेळ आणि टाकीचा नंबर लिहून ठेवा, पण पेन्सिलने. पेनची शाई ओल्या लेबलवर पसरू शकते.