मेन राज्यात परवडणारे छोटे शहर शोधताना
अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात पोर्टलंड आणि दक्षिण किनारपट्टी महाग असल्याने शोध आतल्या भागात घ्यावा: जुन्या कापड गिरण्यांचे लुइस्टन, विमानतळ व मोठे रुग्णालय असलेले बँगर, किंवा पार उत्तरेचे, बटाट्याच्या शेतीने वेढलेले प्रेस्क आइल. मात्र केवळ भाडे पाहून निर्णय घेऊ नये. येथील अनेक घरे तेल जाळून उबदार ठेवली जातात; म्हणून मागील हिवाळ्याची तेलाची बिले घरमालकाकडे आवर्जून मागावीत, तळघरातील टाकी व बॉयलर स्वतः पाहावेत आणि हीटिंगचा खर्च भाड्यात धरला आहे का, हे करारात लिहून घ्यावे. खिडक्यांच्या फटींतून वारा येणारे स्वस्त घर जानेवारीत सगळी बचत खाऊन टाकते. घर विकत घ्यायचे असल्यास मालमत्ता कराचा दरही तपासावा, कारण तो गावागणिक बदलतो.