पेप्टाइड पेशीत शिरले, की भिंतीलाच चिकटले? या चुका टाळा

पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या, साहाय्याने वनस्पतीच्या किंवा शैवालाच्या पेशीत डीएनए, आरएनए वा प्रथिन पोहोचवताना सर्वाधिक फसगत होते ती पेप्टाइडला जोडलेल्या चमकत्या रंगाच्या, सूक्ष्मदर्शीखाली दिसणाऱ्या चकाकीमुळे. बीपी१०० हे अकरा अमिनो आम्लांचे पेप्टाइड घ्या किंवा एचआयव्हीच्या प्रथिनातून मिळालेले टॅट घ्या. लायसिनमुळे, आणि टॅटमध्ये आर्जिनिनमुळेही, दोन्ही धनप्रभारित असतात, आणि पेशीभित्तिकेतील (पेशीच्या बाहेरच्या भिंतीतील) पेक्टिन ऋणप्रभारित असल्यामुळे ती भिंतीला घट्ट चिकटतात. पेशीभोवती दिसणारे तेजस्वी कडे म्हणजे प्रवेशाचा पुरावा नव्हे. कांद्याच्या सालीवर ०.८ मोलर मॅनिटॉल (पेशीतले पाणी बाहेर ओढणारे साखरेसारखे द्रव्य) सोडून पाहा: जीवद्रव्य, म्हणजे भिंतीच्या आतला पेशीचा जिवंत भाग, आक्रसून भिंतीपासून सुटते, आणि चकाकी मागे भिंतीवरच राहिली तर पेप्टाइड आत गेलेलेच नव्हते.

निरीक्षणापूर्वी पेशी फॉर्मल्डिहाइडने किंवा मिथेनॉलने स्थिर करू नयेत, कारण बाहेर चिकटलेले पेप्टाइड त्या क्रियेतच आत सरकते. प्राणिपेशींवर हा दोष २००३ मध्येच दाखवला गेला होता. जिवंत पेशीच पाहाव्यात आणि सोबत प्रोपिडियम आयोडाइड हा फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा रंग वापरून मेलेल्या पेशी वगळाव्यात, कारण मेलेल्या पेशीत काहीही शिरते. मात्रा वाढवली की चकाकी वाढते, पण बऱ्याचदा ती भिंतीच्या आतले पातळ पेशीपटल फाटल्याची खूण असते. हरितद्रव्य स्वतःच लाल प्रकाश देत असल्यामुळे साय५ सारखा लाल चकाकणारा रंग टाळणे बरे. कोणताही रंग निवडला तरी रंग न लावलेल्या पेशींची तुलना हवीच.

पेप्टाइड आणि डीएनए यांचे मिश्रण करताना वजनाचे नव्हे, तर पेप्टाइडमधील अमाइन आणि डीएनएमधील फॉस्फेट यांचे गुणोत्तर धरावे. त्यातही कुपीतल्या भुकटीच्या वजनात पाणी आणि पेप्टाइड बनवताना उरलेले ट्रायफ्लुरोअॅसिटेटही असते, ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि सगळा हिशेब चुकतो. क्षारयुक्त माध्यमात कण एकत्र येऊन गोळे होतात, म्हणून संकुल (पेप्टाइड आणि डीएनए यांचे एकत्र कण) शुद्ध पाण्यात बनवून त्याचा आकार मोजूनच वापरावे. कारण भिंतीतील छिद्रे काही नॅनोमीटरचीच असतात.

क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालाच्या भिंतीत वनस्पतींप्रमाणे सेल्युलोज नसते, ती ग्लायकोप्रथिनांची (शर्करा जोडलेल्या प्रथिनांची) असते. शिवाय सीडब्ल्यू१५ या भिंत अपुरी असलेल्या वाणावर मिळालेले यश भिंत असलेल्या वाणाबद्दल गृहीत धरणे चूक आहे. केवळ प्लास्मिड (पोहोचवायचा वर्तुळाकार डीएनए), केवळ पेप्टाइड आणि दोन्हींचे संकुल, असे तिन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच वाढीच्या पेशींवर तपासावेत.