शाळेत पॉडकास्ट करताय? मुलांच्या हातातला कागद आधी काढून घ्या

माइक कुठला घ्यावा, या प्रश्नावर शाळा महिनोन् महिने घालवतात. फोन पुरतो. तीन-चार मुलांचा गट, पाच मिनिटांचा भाग आणि एका भागात एकच प्रश्न, एवढं ठरलं की कामाला लागा. मात्र तो खरोखर प्रश्न हवा. ‘वनस्पतींचे पोषण’ हे धड्याचं नाव झालं; ‘एवढ्या मोठ्या झाडाचं वजन येतं कुठून?’ हा प्रश्न.

सगळं अडतं ते पुढच्या पायरीवर, म्हणजे संहितेपाशी. मीही इथे बराच काळ झगडले. ‘आधी पूर्ण संहिता लिहून घ्या, तपासा, मग रेकॉर्ड करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट आहे. मुलं मग निबंध लिहितात आणि मोठ्याने वाचतात. ‘प्रकाशसंश्लेषण ही अशी प्रक्रिया आहे की ज्याद्वारे हरित वनस्पती...’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या डोक्यात अर्ध्या वाटेतच सुटतं. पुस्तकात मागची ओळ पुन्हा वाचता येते, ऐकताना ती निघून गेलेली असते. शिवाय न समजताही वाचता येतं. मुलाला विषय कळलाय की नाही, हे त्या वाचनातून तुम्हाला कधीच कळणार नाही आणि मग पॉडकास्टचा शैक्षणिक उपयोग शून्य.

म्हणून गटाला माहिती शोधू द्या, टिपणं काढू द्या आणि मग वह्या मिटायला लावा. विषय अजिबात माहीत नसलेला दुसऱ्या गटातला एक मुलगा किंवा मुलगी समोर बसवा. त्याला गोष्ट सांगायची. त्याने कळलं नाही की तिथेच थांबवून विचारायचं. हे सगळं फोनवर रेकॉर्ड करा.

झाडाच्या वजनाचंच घ्या. व्हॅन हेल्मॉण्ट या शास्त्रज्ञाने विलोचं रोप कुंडीतल्या, आधी वजन केलेल्या मातीत लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७४ किलोंनी वाढलं, माती साठ ग्रॅमसुद्धा घटली नाही. हे १६४८ साली प्रसिद्ध झालं. सांगणारी मुलगी इथे पोहोचली की ऐकणारा हमखास विचारतो, ‘मग वजन पाण्यातून आलं?’ हेल्मॉण्टचाही निष्कर्ष तोच होता आणि तो अपुरा होता, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हता. वहीत हा प्रश्न कुणीच लिहिला नसता. असे प्रश्न क्रमाने मांडले की भागाचा सांगाडा तयार होतो. अंतिम रेकॉर्डिंगला हातात फक्त चिठ्ठी: नावं, आकडे आणि पहिलं वाक्य. त्याहून जास्त काहीही नको, पालक बघायला येणार असले तरी नको.

अडखळणं, ‘म्हणजे... थांबा’ म्हणून पुन्हा सांगणं, यातलं बरंचसं तसंच राहू द्या. चूक फक्त माहितीची दुरुस्त करा.

रेकॉर्डिंगला पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर. रिकाम्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. पडदे, दप्तरं, सतरंजी असलेली लहान खोली बघा. संपादनाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. बोलण्यासाठी मोनो (एकाच वाहिनीची), ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपीथ्री फाइल पुरते. पाच मिनिटांचा भाग अडीच एमबीच्या आत बसतो. सिनेमातली गाणी मागे लावू नका, हक्क तुमचे नाहीत.

शाळेबाहेर प्रसारित करायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या आणि मुलांची आडनावं भागात येऊ देऊ नका. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी संवाद लिहून ठेवा. हे लिहिणं मात्र रेकॉर्डिंगनंतरच.

वर्गात ऐकवताना भागाचा प्रश्न आधी फळ्यावर लिहा आणि मध्ये एकदा थांबवून पुढे काय झालं असेल ते विचारा. शेवटी वर्गाला उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगता आलं नाही, तर गटाने तेवढा तुकडा पुन्हा रेकॉर्ड करायचा.